नवे ऑइल सीलही गळू लागते तेव्हा

आमची मारुती ओम्नी २००३ सालची आहे. १९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेल्या आणि १९८८ पासून ‘ओम्नी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गाडीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. तरीही भांडुप-मुलुंडच्या गल्ल्यांतून ती अजून दिसते आणि तिचा एखादा सुटा भाग मुंबईत मिळालाच नाही, असे माझ्या बाबतीत अद्याप झालेले नाही. वीस वर्षे ओलांडलेल्या गाडीच्या गिअरबॉक्सचे रबरी सील कडक होऊन तेल झिरपू लागले, तर त्यात नवल नाही आणि कुणाचा दोषही नाही. रबराचे वय होते, इतकेच. माझ्यापुढचा प्रश्न वेगळा होता. ते जुने सील एका गॅरेजात रीतसर बदलून झाले होते, आणि पावसाळा संपायच्या आत नवे सीलही त्याच जागी गळू लागले होते. गॅरेजवाल्यांचे म्हणणे पडले की माल डुप्लिकेट निघाला असावा, आणखी एक टाकू. मी त्यांना थांबवले. कनिष्ठ महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला, एकच बिघाड दुसऱ्यांदा झाला की बदललेल्या वस्तूपेक्षा तिच्या आजूबाजूला काय आहे याचा संशय आधी येतो. दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला, असे तर होत नाही ना, हे पाहणे भाग होते.

काम समजण्यासाठी या गाडीची रचना थोडी सांगावी लागेल. ओम्नीचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या सीटांखाली असते, त्याच्या मागे गिअरबॉक्स, आणि गिअरबॉक्समधून निघालेला प्रोपेलर शाफ्ट गाडीच्या पोटाखालून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जातो. मागची चाके कमानपाट्यांवर वरखाली होत असल्यामुळे या शाफ्टला सतत किंचित लांब-आखूड व्हावे लागते. त्यासाठी त्याचे पुढचे टोक, ज्याला योक म्हणतात, ते गिअरबॉक्सच्या शेपटाच्या भोकात आत-बाहेर सरकते आणि त्याच वेळी फिरतही असते. या सरकत्या आणि फिरत्या योकभोवती बसलेली रबरी कडी म्हणजे आमचे गळणारे सील. त्याच्यावर अवलंबून असलेले तेल थोडेथोडके नाही. गिअरबॉक्सला इंजिनासारखा तेलाचा दिवा नसतो, त्यामुळे पातळी उतरत गेली तरी चालवणाऱ्याला काही कळत नाही, आणि कळते तेव्हा बेअरिंगचा आवाज येऊ लागलेला असतो.

ऑइल सील ही वस्तू दिसायला क्षुल्लक आहे. बाहेरून लोखंडी पत्र्याची कडी, आत रबराचा पातळ ओठ, आणि त्या ओठाला शाफ्टवर दाबून धरणारी बारीक गोल स्प्रिंग. स्प्रिंगची बाजू नेहमी तेलाकडे असते. चांगल्या प्रतीच्या सीलला बाहेरच्या बाजूने आणखी एक छोटा ओठ असतो, तो तेलासाठी नसून धूळ-चिखल आत जाऊ नये यासाठी असतो. मुंबईच्या रस्त्यांवर त्याचे मोल मुख्य ओठाइतकेच आहे. रबर बहुधा नायट्राइल जातीचे असते आणि साधारण शंभर अंशांपर्यंतची उष्णता ते सोसते. पण एक गोष्ट हे सील फारशी सोसत नाही, आणि ती म्हणजे आतला दाब. साधे ओठाचे सील दाब अडवण्यासाठी नसतेच. ते तेल अडवण्यासाठी असते. हे वाक्य मी मुद्दाम वेगळे लिहितो आहे, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

प्रथम गळती नेमकी कुठून आहे ते ठरवायचे होते. रात्री गाडीखाली जुन्या खोक्याचा पुठ्ठा पसरला आणि सकाळी डाग कुठे पडले ते पाहिले. इंजिन ऑइल काळे आणि जळकट वासाचे असते, गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो. एकदा नाकात बसला की तो विसरत नाही. डाग शेपटाखाली होता आणि वास गिअर ऑइलचा होता. मात्र तेवढ्यावर निकाल देणे घाईचे ठरले असते. शेपटाच्या त्याच भागात स्पीडोमीटरची केबल घुसते, तिला स्वतःचे लहानसे रबरी रिंग-सील असते, आणि तेथून ओघळलेले तेल खाली येऊन नेमके मागच्या सीलपाशी थेंबते. गाडी चालू असताना वारा सगळे मागे ढकलतो, आणि फिरता शाफ्ट तेल भिरकावून वरच्या पत्र्यावर आडवी रेघ काढतो, त्यामुळे नुसते पाहून काही उमगत नाही.

माझा भाचा मुलुंडच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकतो. हे काम त्याच्याकडून करून घ्यायचे आणि मी सामान द्यायचे, पाहायचे, टिपून ठेवायचे, असे आमचे ठरले. त्याने शेपूट रॉकेलने धुऊन चिंधीने कोरडे केले आणि मी प्रयोगशाळेच्या सवयीने त्यावर खडूची पूड फुंकली. मग गाडी गांधीनगरहून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पवईपर्यंत नेऊन आणली. परत आल्यावर स्पीडोमीटर केबलच्या भोवती पूड कोरडी, पांढरी आणि जशीच्या तशी होती. सीलच्या कडेला मात्र खालच्या अर्ध्या भागात ती ओली होऊन करडी झाली होती. दोषी जागा तीच, याबद्दल शंका उरली नाही.

त्यानंतर जे घडले ते या प्रकरणाचे खरे उत्तर होते, आणि ते आम्ही मुद्दाम शोधत नव्हतो. गाडी आलेली असताना गिअरबॉक्स गरमच होता. तेलाची पातळी बघावी म्हणून भाच्याने बाजूचा फिलर प्लग, म्हणजे तेल भरण्याच्या भोकाचे बूच, सैल करायला घेतला. प्लग दोन-तीन आटे फिरला असेल-नसेल, तेवढ्यात आतून फुस्स असा स्पष्ट आवाज झाला, सोड्याची बाटली हळूच उघडल्यासारखा, आणि प्लगच्या कडेने तेलाचे बारीक बुडबुडे आले. भाचा गाडीखालून म्हणाला, “मामा, यात हवा कोंडली आहे.” मी त्याला प्लग तसाच घट्ट करायला सांगितले आणि गाडी थंड होऊ दिली. थंड झाल्यावर पुन्हा उघडला तेव्हा आवाज आला नाही.

बंद भांड्यातली हवा तापवली की तिचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो, हे आम्ही अकरावीच्या मुलांना दर वर्षी दाखवत असू. म्हणजे तापमान अंश सेल्सिअसमध्ये नव्हे, तर केल्विनमध्ये धरायचे. सकाळी ३० अंशांवर असलेला गिअरबॉक्स चालून ८० अंशांवर गेला, तर ३०३ केल्विनचे ३५३ झाले, म्हणजे आतल्या हवेचा दाब साधारण १६ टक्क्यांनी चढला. वातावरणाच्या दाबाच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास हा जादा दाब सीलच्या ओठाला आतून बाहेर रेटत राहतो. आकडा लहान वाटतो, पण ओठ योकवर नाजूक स्प्रिंगच्या जोरावर टेकलेला असतो, आणि त्याच्या खाली योक नुसता फिरत नाही तर सरकतोही. सरकताना तेलाचा पातळ थर तो स्वतःबरोबर बाहेर आणतो आणि मागचा दाब त्या थराला परतू देत नाही. म्हणून प्रत्येक गिअरबॉक्सला श्वास घ्यायला जागा ठेवलेली असते. ती म्हणजे ब्रीदर, वरच्या अंगाला असलेली छोटी नळी आणि तिच्यावर सैल बसणारी धातूची टोपी. हवा तापली की तेथून बाहेर जाते, थंड झाली की तेथूनच आत येते.

ब्रीदर बुजला तर दुसरीही आपत्ती असते, आणि मुंबईत तिला विशेष अर्थ आहे. तापलेला गिअरबॉक्स पाणी तुंबलेल्या रस्त्यात उतरला, मग ते हिंदमाता असो की कुर्ल्याचा एखादा खोलगट भाग, तर त्याचे अंग झपाट्याने थंड होते आणि आतल्या हवेचा दाब एकदम पडतो. हवा घेण्याचा सरळ मार्ग बंद असेल तर सीलच्या ओठाखालून, म्हणजे ज्या बाजूने पाणी लागले आहे त्या बाजूने, ओढ लागते. ओठ तेल आतून अडवायला घडवलेला असतो. उलट्या दिशेने येणारे पाणी तो तितक्या निष्ठेने अडवत नाही. म्हणून आमच्या तेलात पाणी आहे का, हेही पाहणे आवश्यक झाले.

काम रविवारी काढले. सोसायटीच्या आवारात नुकतेच पेव्हर ब्लॉक बसवलेले असल्यामुळे सचिव बाईंना आधी विचारले. त्या म्हणाल्या, “सर, करा, पण एकही डाग दिसता कामा नये.” त्यांचे म्हणणे वाजवी होते, गाडीखालच्या डागांवरून आधीच कुरबुर झालेली होती. आम्ही जाड प्लॅस्टिक, त्यावर पुठ्ठे आणि त्यावर लाकडाचा भुसा पसरला.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. ही गाडी मागच्या चाकांवर चालते आणि तिचा हँडब्रेकही मागच्याच चाकांना लागतो. मागची चाके जमिनीवरून उचलली आणि वर प्रोपेलर शाफ्ट सोडवला, की गिअरमध्ये टाकलेली गाडी आणि ओढलेला हँडब्रेक या दोहोंचा काही उपयोग राहत नाही. पुढची चाके मोकळी असतात. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे बसवल्याशिवाय जॅक लावायचा नाही, आणि जॅकच्या भरवशावर कुणीही खाली शिरायचे नाही. गॅरेजात ज्यांना घोड्या म्हणतात ते लोखंडी स्टँड अ‍ॅक्सलखाली लावून, गाडी एकदा जोराने हलवून पाहून, मगच भाचा खाली गेला. शेजारचे एक गृहस्थ “विटा लावा की” म्हणत होते. वीट सरळ भार सहन करते, पण एका कोपऱ्यावर भार आला की फुटते. माणूस खाली असताना विटांवर गाडी ठेवणे मला मान्य नाही, आणि ते मी त्यांना तसेच सांगितले.

मागून उचलल्याचा एक फायदाही होतो. शेपूट वर आणि तोंड खाली झाल्यामुळे तेल पुढे धावते, आणि नुसते सील बदलायचे असेल तर तेल न काढताही योक बाहेर काढता येतो. आम्हाला तेल पाहायचेच होते, म्हणून ते काढले. आधी वरचा फिलर प्लग उघडला आणि मगच खालचा ड्रेन प्लग. उलट केले आणि वरचा प्लग गंजून अडकलेला निघाला, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावे लागते. तेल घमेल्यात आले ते काळपट सोनेरी होते. मी त्यातले थोडे काचेच्या बाटलीत घेऊन उभे ठेवले. दुपारपर्यंत तळाला पाण्याचा अगदी पातळ, पण डोळ्याला दिसणारा थर बसला होता. उरलेल्या तेलातून शाळेच्या दिवसांतला नालाकृती चुंबक फिरवला, त्याला करडी मऊ माती लागली तशी पूड लागली. ती पोलादी दातांची रोजची झीज असते, चिंता करण्यासारखी नाही. तुकडा लागला असता तर मी हे काम तिथेच थांबवले असते. चुंबकाने न उचलले गेलेले, उन्हात चमकणारे कण पितळी होते. ते सिंक्रोनायझरच्या, म्हणजे गिअर अलगद पडावा म्हणून बसवलेल्या, कड्यांचे, आणि त्या प्रमाणात ते वीस वर्षांच्या गाडीत अपेक्षितच आहेत.

प्रोपेलर शाफ्ट मागच्या बाजूला चार बोल्टांनी डिफरेन्शियलच्या, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरांच्या पेटीच्या, फ्लँजला (चकतीला) धरलेला असतो. ते सोडवण्यापूर्वी भाच्याने दोन्ही फ्लँजवरून एकच पांढरी रेघ ओढली. शाफ्ट फिरवून तोललेला असतो. जोडताना तो अर्ध्या फेऱ्याने इकडे-तिकडे बसला तर गाडीला साठ-सत्तरच्या वेगात थरथर लागण्याची शक्यता असते, आणि मग माणूस चाकांचे बॅलन्सिंग करत फिरतो. बोल्ट निघाले, शाफ्ट मागे ओढला आणि योक चकचकीत बाहेर आला.

योक ही तपासण्याची वस्तू आहे, पुसून बाजूला ठेवण्याची नाही. सीलचा ओठ जेथे घासतो तेथे कालांतराने बारीक चर पडतो. तो मोजायला यंत्र लागत नाही. नखाचे टोक लांबीच्या दिशेने फिरवले आणि ते अडले, तर चर खोल आहे. आमचे नख अडखळले नाही, फक्त एक पुसट वर्तुळ दिसत होते. झिरो नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून भाच्याने ती जागा घासली, आणि घासताना मी त्याला हात गोलच फिरवायला सांगितले. ओरखडे लांबीच्या किंवा तिरक्या दिशेने राहिले तर ते मळसूत्रासारखे काम करतात आणि तेल स्वतःच बाहेर पंप करतात. चर खोल असता तर योक बदलणे किंवा त्यावर पातळ पोलादी स्लीव्ह चढवणे, हे दोनच मार्ग होते.

दुसरी तपासणी बुशची. शेपटाच्या आत योकला आधार देणारे बुश झिजले की योक वरखाली डुलतो, आणि डुलणाऱ्या शाफ्टवर कोणतेही सील फार दिवस टिकत नाही. योक परत घालून, हाताने वरखाली हलवून, भाच्याने ‘प्ले’ पाहिला. थोडा होता, पण सीलचा ओठ त्यामागे धावू शकेल इतकाच. बुश काढायचे तर शेपटाचे हाउसिंग खोलून लेथवाल्याकडे न्यावे लागते. असल्फा-साकीनाक्याला ते सहज होते, पण गरज नसताना चांगले बसलेले बुश हलवू नये, असे माझे मत आहे.

मग सील काढले. हाउसिंगच्या भोकाला ओरखडा पडू नये म्हणून भाच्याने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला कापडाचा थर गुंडाळून, एकाच जागी जोर न लावता चारी बाजूंनी थोडेथोडे उचलले. हातात आलेले सील मी भिंगाखाली धरले. रबर मऊ होते, स्प्रिंग जागेवर होती, बाहेरची कडी सरळ होती. डुप्लिकेट म्हणावे असे त्यात काही नव्हते. पण ओठाची जी बारीक धार शाफ्टला टेकते, ती धार राहिलीच नव्हती. तिच्या जागी चांगली रुंद, गुळगुळीत, चमकती पट्टी तयार झाली होती. ओठ त्याच्या टोकावर नव्हे, तर अंगावर टेकून चालला होता. आतून दाबला गेलेला ओठ असाच झिजतो. गॅरेजने बसवलेले सील चांगले होते, त्यांनी ते बसवलेही नीट होते, आणि दाबामुळे ते बिचारे मेले होते.

राहिला ब्रीदर. भाच्याचा हात बारीक असल्यामुळे गिअरबॉक्स आणि फरशीचा पत्रा यांच्या मधल्या फटीत तो कोपरापर्यंत जात होता. चाचपून त्याने सांगितले की टोपी आहे, पण फिरत नाही. आरसा आणि बॅटरी धरून पाहिले, तेव्हा टोपी, नळी आणि तिच्या आजूबाजूचा भाग एकाच काळ्या, टणक थराखाली गेलेला दिसला. पावसाळ्यापूर्वी पत्रा गंजू नये म्हणून गाडीच्या पोटाला जे डांबरी-रबरी कोटिंग मारून घेतात, ते आम्ही त्याच वर्षी करून घेतले होते. फवारा खालून मारला तरी त्याचे कण फटीतून वर पोहोचतात. त्यावर धूळ बसली, पावसात ती माखली, आणि टोपी कायमची चिकटली. कोटिंग करणाऱ्याचे काम पत्रा झाकण्याचे होते आणि ते त्याने कसोशीने केले होते. झाकू नये अशा जागा चिकटपट्टीने वेगळ्या ठेवाव्यात, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. रॉकेलात भिजवलेला ब्रश, मग बारीक तार, मग पुन्हा रॉकेल, असे करत टोपी सुटली. ती दोन बोटांत गिरकी घेऊ लागली तेव्हा भाच्याने फिलरच्या भोकाला सायकलचा पंप लावला, आणि वर धरलेल्या कागदाचा कपटा ब्रीदरपाशी उडाला.

सीलसाठी मी नागदेवी स्ट्रीटला गेलो. मस्जिद स्थानकावर उतरून त्या गल्लीत शिरले की बेअरिंग, पट्टे, रबर आणि हत्यारे यांचीच दुकाने; ऑइल सीलचे दुकान म्हणजे भिंतभर लहान लहान खण, प्रत्येकावर तीन आकडे: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. काउंटरवरच्या वयस्कर गृहस्थांनी जुने सील घेऊन व्हर्नियरने मोजले, आणि मापाचे सील खणातून काढून समोर ठेवले. मी पैसे काढत असताना त्यांनीच विचारले, “मशीनला लावणार की गाडीला?” गाडीच्या शेपटाला म्हटल्यावर त्यांनी ते परत खणात टाकले. माप तंतोतंत जुळते, पण गाडीच्या सीलला बाहेरून धुळीसाठी जो ओठ असतो तो त्या यंत्राच्या सीलला नव्हता. “चिखलात चालणार, तर गाडीचेच घ्या,” असे ते म्हणाले. स्वतःचा माल न विकता गिऱ्हाइकाला योग्य दुकान दाखवणारा व्यापारी नागदेवीला आजही भेटतो, हे नोंदवून ठेवावेसे वाटते. त्यांच्याकडून स्पीडोमीटर केबलची रिंग तेवढी घेतली, कारण तेथपर्यंत हात गेलाच आहे तर ती बदललेली बरी. मग बसने ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या बाजारात जाऊन गाडीचे सील घेतले. घेताना ओठ बोटाने उलटून पाहिला, तो लगेच जागेवर आला. स्प्रिंग सर्व बाजूंनी खोबणीत बसलेली होती. महागडे फ्लुओरो रबराचे सीलही एका दुकानात दाखवले गेले. दोनशे अंश सोसणारे रबर ऐंशी अंशांच्या गिअरबॉक्सला घेण्यात मला हशील दिसले नाही.

बसवण्याचे काम थोडक्यात आटोपले. हाउसिंगचे भोक पुसून कोरडे केले, सीलच्या ओठाला गिअर ऑइलचे बोट फिरवले, कारण कोरडा ओठ पहिल्याच फेऱ्यांत जळतो. ठोकण्यासाठी आम्ही प्लंबरकडून जीआय पाइपचा एक तुकडा आणला होता. त्याचे तोंड सीलच्या लोखंडी कडीवर बरोबर टेकत होते, ओठाला स्पर्श करत नव्हते. त्यावर हातोडीचे हलके ठोके, आणि प्रत्येक ठोक्यानंतर सील सगळीकडून सारखे आत गेले आहे का ते व्हर्नियरच्या मागच्या पट्टीने पाहायचे. ठोक्यांचा आवाज आधी बद्द होता, सील तळाला बसल्यावर तो खणखणीत झाला. योक आत सरकवताना त्याच्या खाचांच्या धारेने ओठ कापला जाऊ नये म्हणून भाच्याने तो हलकेच फिरवत फिरवत घातला, फ्लँजवरची पांढरी रेघ जुळवली, आणि चारही बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळले.

तेलाच्या बाबतीत दुकानदाराशी थोडा वाद झाला. गिअर ऑइलचे जीएल-४, जीएल-५ असे वर्ग असतात. त्याने जीएल-५ पुढे केले आणि “हे वरच्या दर्जाचे आहे” असे सांगितले. पाच हा आकडा चारापेक्षा मोठा आहे, त्यामुळे त्याचे म्हणणे अनेकांना पटते. वस्तुतः जीएल-५ हे डिफरेन्शियलच्या हायपॉइड दातांसाठी असते आणि त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्ये बरीच जास्त असतात. जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी कड्यांना ती मानवत नाहीत. गाडीच्या पुस्तिकेत गिअरबॉक्ससाठी सांगितलेले जीएल-४ तेल मी मागून घेतले. भरताना गाडी पुन्हा सपाट जमिनीवर आणली, आणि फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत येऊन एक धार बाहेर पडेपर्यंत तेल घातले. ती धार थांबली की पातळी बरोबर. पाण्याचा थर बसलेला असल्यामुळे थोडे अंतर चालवून ते तेलही काढून टाकले आणि पुन्हा ताजे भरले. यात खर्च वाढला, पण बेअरिंगवर पाणी ठेवून गळती थांबवण्यात अर्थ नव्हता.

त्यानंतर खडूची पूड, पवईची फेरी आणि गरम असताना फिलर प्लग सैल करणे, ही तपासणी तशीच पुन्हा केली. प्लगमधून आवाज आला नाही आणि पूड पांढरी राहिली. पुढे गणपतीला गाडी भर पावसात चिपळूणला जाऊन आली, तरी पुठ्ठ्यावर डाग आला नाही. काढलेले तेल नाल्यात किंवा कचऱ्यात न टाकता डब्यात भरून, वापरलेले तेल गोळा करणाऱ्यांना देणाऱ्या ओळखीच्या गॅरेजात पोहोचवले. भुसा, पुठ्ठे आणि प्लॅस्टिक उचलल्यावर सचिव बाई स्वतः खाली येऊन पेव्हर ब्लॉक पाहून गेल्या.

मागच्या अ‍ॅक्सललाही असाच ब्रीदर असतो, हे भाच्याला काम संपता संपता आठवले. त्याच्या टोपीवर तेच काळे कोटिंग होते, मात्र ती अजून कशीबशी हलत होती. तीही साफ केली. यंदा पावसाळ्याआधी कोटिंगसाठी गाडी दिली तेव्हा दोन्ही ब्रीदरना घरूनच चिकटपट्टी गुंडाळून दिली होती, आणि गाडी परत आल्यावर ती काढून, टोप्या फिरतात का, ते पाहून घेतले.